अंजनेरीची उतरण

सासूबाईंना अंजनेरीला न्यायचे, हे आमच्या घरात गेली चार वर्षे ठरत होते आणि दर वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्यापाशी येऊन अडत होते. नाशिककराला अंजनेरी काही लांबची नाही. त्र्यंबक रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की डाव्या हाताला तो प्रचंड कातळ उभा राहतो, आणि त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला जाताना आई दर वेळी गाडीच्या काचेतूनच त्याला हात जोडत. अंजनीमातेने इथे तप केले, मारुतीचा जन्म इथेच झाला, ही आमच्या भागातली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. लग्न होऊन त्या सिन्नर तालुक्यातून नाशिकला आल्या तेव्हापासून हा डोंगर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पायाखाली मात्र तो कधी आला नव्हता. आता त्यांचे वय एकोणसत्तर आहे.

या वर्षी जुलैमध्ये त्यांच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना मी सरळच विचारले. त्यांनी गुडघा तपासला, मांडीच्या स्नायूंची ताकद पाहिली आणि सांगितले की चढण्याची फारशी भीती नाही, उतरण्याची आहे. चढताना शरीर वर उचलायचे काम मांडीचे स्नायू करतात आणि दम लागला तर थांबता येते; उतरताना मात्र प्रत्येक पायरीला सगळे वजन वाकलेल्या गुडघ्यावर येऊन आदळते, आणि ते अशा वेळी, जेव्हा स्नायू आधीच दमलेले असतात. मग त्यांनी एक नियम घोकून घ्यायला लावला: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. पुढचे दोन महिने हा नियम आमच्या घरात पाढ्यासारखा म्हटला गेला.

सराव पांडवलेणीवर केला. नाशिकमध्ये सकाळी पायऱ्या चढणाऱ्यांसाठी त्याहून सोयीची जागा नाही. एक दिवसाआड पहाटे सहाला मी आईंना तिथे घेऊन जात असे. नवे बूट त्यांनी पहिल्या दिवसापासूनच घातले, म्हणजे ते ऐन डोंगरात चावणार नाहीत. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालण्याचा निर्णय त्यांनी स्वतःच घेतला. अकरा वर्षांच्या माझ्या मुलीने एका वहीत वेळा टिपायला सुरुवात केली, आणि त्या वहीनेच पुढे सगळ्या दिवसाची आखणी करून दिली. पहिल्या दिवशी आईंना लेण्यांपर्यंत पोहोचायला छत्तीस मिनिटे लागली, सहाव्या आठवड्यात बावीस. पण उतरायची वेळ पहिल्या दिवशी पंचेचाळीस मिनिटे होती आणि सहाव्या आठवड्यातही चौतीसच्या खाली आली नाही. म्हणजे चढाईच्या दीडपट वेळ उतरणीला, हा त्यांचा ठाम हिशोब होता.

सहलीची आखणी करताना आपण सर्वजण ‘माथ्यावर कधी पोहोचू’ असे विचारतो, तसेच आम्हीही विचारत होतो. वही पाहून मी प्रश्न उलटा केला आणि पायथ्यापासून मागे मोजत गेले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सव्वासहाच्या पुढे उजेड मावळतो, शिवाय परतीचा पाऊस दुपारनंतर केव्हाही गाठतो आणि भिजलेल्या पायऱ्यांवरून आईंना उतरवणे मला कोणत्याही परिस्थितीत नको होते. तेव्हा साडेतीनला पायथा, त्याआधी चार तास उतरणीचे, म्हणून साडेअकराला जिथे असू तिथून परत फिरायचे. हे घरात सर्वांसमोर ठरले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले गेले. माथा गाठायचा, असे त्या पानावर कुठेही लिहिलेले नव्हते.

दिवस निवडताना शनिवार आणि रविवार दोन्ही टाळले, कारण शनिवारी मारुतीच्या दर्शनाची गर्दी असते आणि रविवारी ट्रेकला येणाऱ्यांची. गांधी जयंतीची सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी आली होती, ती घेतली. आई, मी, नवरा, मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा असे आम्ही पाच जण सकाळी सहाला घरातून निघालो. सोबतीला अंजनेरी गावातलेच एक वाटाडे ठरवले होते. मुले त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच ‘मामा’ म्हणू लागली. मामांनी आईंसाठी वेळूची काठी आणली होती, तिच्या टोकाला लोखंडी शेंबी बसवलेली. काठी हातात देण्याआधी त्यांनी ती आईंच्या शेजारी उभी धरून पाहिली आणि म्हणाले, “मावशी, चढताना मधी धरा, उतरताना वरचं टोक धरा. एक काठी दोन मापांची होती मग.”

वनविभागाच्या नाक्यावर नोंद करताना मुलीने विचारले, “हे राष्ट्रीय उद्यान आहे का?” तिला शाळेत बोरिवलीच्या आणि ताडोबाच्या उद्यानांची माहिती झालेली होती. अंजनेरी राष्ट्रीय उद्यान नाही; २०१७ मध्ये त्याला ‘संवर्धन राखीव’ क्षेत्राचा दर्जा मिळाला. वन्यजीव कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली तेव्हा हा प्रकार आला. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला मनाई असते, माणसांचे हक्क संपुष्टात आणले जातात. संवर्धन राखीव क्षेत्र मात्र आसपासच्या लोकांशी सल्लामसलत करून जाहीर होते आणि ते सांभाळण्यासाठीच्या समितीत ग्रामपंचायतीची माणसे असतात. मामांची गुरे याच डोंगराच्या कुशीत चरतात. डोंगर वाचवायचा म्हणजे डोंगराखालच्या माणसाला त्यातून उठवायचे, असे नसते, हे मुलीला तिथेच, गुरांच्या वाटेवर उभे राहून सांगता आले याचे मला समाधान वाटले.

सात वाजून दहा मिनिटांनी चालायला सुरुवात केली. उजवीकडे नवरा-नवरीचे सुळके धुक्यातून वर आले होते. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, आणि म्हणून इथला डोंगर एकसारखा चढत नाही: सपाटी, मग कडा, पुन्हा सपाटी, पुन्हा कडा, अशा त्याच्या पायऱ्या असतात. आईंना मी आदल्या रात्री कागदावर हे काढून दाखवले होते. त्यामुळे पहिल्या झाडीतल्या वाटेने दमून त्या जेव्हा कड्याच्या बुडाशी आल्या आणि समोर उभी घळ पाहिली तेव्हा घाबरल्या नाहीत. “ही एक, आणि वर अजून एक,” एवढेच म्हणाल्या आणि डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

घळीतल्या पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि पावसाळा सरला तरी कातळातून पाणी पाझरत राहते, म्हणून कडेला शेवाळ होते. आम्ही वीस पायऱ्या चढून थांबायचे, असे ठरवले होते. दम लागला की थांबायचे असे ठेवले तर माणूस भिडेखातर थांबत नाही. आकडा ठरलेला असला की थांबणे हा चालण्याचाच भाग होतो. वाटेत कातळात कोरलेले जैन लेणे लागते. आत पार्श्वनाथांची मूर्ती आहे. तिथल्या गारव्यात आईंनी बूट काढून पाच मिनिटे पाय पसरले. खाली गावातही जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत आणि त्यांतल्या एका मंदिरात यादव राजा सेऊणचंद्राच्या काळातला, शके १०६३ चा, म्हणजे साधारण इसवी सन ११४२ चा शिलालेख आहे. आज रिकाम्या वाटणाऱ्या या पायथ्याशी त्या काळी दुकाने होती, व्यापारी होते, देवळाला दाने देणारे लोक होते. हे सांगत मी आईंची आणखी पाच मिनिटे तिथे काढली. त्यांना ती हवी होती, पण त्यांनी मागितली नसती.

लेण्याच्या थोडे वर माकडांनी आम्हाला गाठले. माझ्या मुलाच्या पाठीवर छोटी सॅक होती. त्याला काहीतरी उचलायचेच होते म्हणून मी त्यात थालीपिठांचा डबा आणि आईंच्या औषधांची पाकिटे ठेवली होती. एक मोठे माकड कठड्यावरून थेट त्याच्या पाठीवर आले आणि सॅक ओढू लागले. मुलाने पट्टा घट्ट धरून ठेवला. “सोड बाळा, पिशवी सोड!” मामा ओरडले, तेव्हा त्याने पट्टा सोडला, पण तोल जाऊन कोपरावर पडला. माकड सॅक घेऊन कारवीत गेले. मामा काठी आपटत मागे गेले आणि दहा मिनिटांनी फाटलेली सॅक घेऊन आले. डबा रिकामा होता. औषधाची पट्टी गवतात पडलेली त्यांना सापडली, शाबूत.

ती दहा मिनिटे मी विसरणार नाही. आईंना मधुमेह आहे, दुपारच्या जेवणासोबत गोळी घ्यायची असते, आणि जेवण व गोळी दोन्ही एकाच पिशवीत, तेही सात वर्षांच्या मुलाच्या पाठीवर ठेवण्याची चूक माझी होती. औषधे ज्याची त्याच्या खिशात असायला हवीत, किंवा सर्वांत सावध माणसाच्या कमरेच्या पाकिटात. नवऱ्याच्या खिशात गूळ-शेंगदाणे होते, माझ्याकडे राजगिऱ्याचे चार लाडू आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी होते, त्यावर निभावले. मुलाच्या कोपरावर ओरखडा आला होता. तो कातळाचा की माकडाच्या नखाचा, हे आम्ही उजेडात नीट पाहिले, कारण नखाचा असता तर सहल तिथेच संपवून रेबीजची लस टोचून घ्यायला खाली उतरावे लागले असते. तो कातळाचाच होता. जखम स्वच्छ पाण्याने धुतली आणि पट्टी लावली. माकडांवर मला राग धरता आला नाही. येणारे-जाणारे लोक त्यांच्यापुढे वेफर्सची पाकिटे फेकतात आणि फोटो काढतात. पाठीवरची पिशवी म्हणजे अन्न, हे त्यांना आपणच शिकवले आहे. या सगळ्यात पस्तीस मिनिटे गेली, ती मुलीने वहीत लिहिली.

पावणेदहाला घळ संपली आणि आम्ही पहिल्या पठारावर आलो. सोनकीचा बहर ओसरत आला होता तरी पिवळा रंग दूरवर दिसत होता, आणि त्यात तेरड्याचे गुलाबी पट्टे होते. अंजनीमातेचे पहिले मंदिर इथेच आहे. आईंनी आत जाऊन ओटी भरली, नारळ ठेवला आणि बराच वेळ गाभाऱ्यापाशी बसून राहिल्या. बाहेर गावातल्या एक मावशी ताक आणि काकड्या घेऊन बसल्या होत्या. थालीपिठांच्या जागी त्या काकड्यांनी आणि भाजलेल्या शेंगदाण्यांनी आमचे काम केले.

तिथून सपाटीने चालत तळ्यापाशी आलो. मारुतीच्या पावलाचा ठसा म्हणून हे तळे ओळखले जाते आणि वरच्या कड्यावरून पाहिले तर त्याचा आकार खरोखर डाव्या पावलासारखा दिसतो. घड्याळात पावणेअकरा झाले होते. समोर बालेकिल्ल्याच्या पायऱ्या होत्या. आईंच्या गतीने वरच्या मंदिरापर्यंत निदान सव्वा तास लागला असता, म्हणजे बारा वाजून गेले असते. माझ्या नवऱ्याला वाटत होते की इतके आलोच आहोत तर नेऊ या, आईला पुन्हा कधी जमेल. त्याचे वाटणे खोटे नव्हते. माझ्याही मनात तेच होते आणि साडेअकराचा आकडा मी स्वतः लिहिलेला असूनही तो उच्चारायला माझी जीभ उचलेना.

आईंनीच वही मागितली. पहिले पान काढले, चष्मा लावून वाचले आणि माझ्या नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, “माझं दर्शन खाली झालं. वरच्या आईला मी इथूनच हात जोडते. तू पोरीला घेऊन जाऊन ये.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “गुडघा आत्ता बोलत नाहीये गं. पण तो उतरताना बोलतो.”

बापलेक वर गेले. मामा, मी, मुलगा आणि आई तळ्याकाठी थांबलो. साडेअकराला आम्ही उतरायला लागायचे आणि त्या दोघांनी आम्हाला वाटेत गाठायचे, असे ठरले. त्यामुळे वरचे मंदिर मी पाहिले नाही. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही. तळ्याकाठची ती पाऊण तासाची बैठक मात्र मला या दिवसातली सर्वांत मोलाची वाटते.

मामांनी आम्हाला वाटेच्या कडेला, गवताच्या एका उतारापाशी नेले आणि सांगितले की पाऊल वाटेबाहेर टाकू नका, बसून बघा. गवतात वीतभर उंचीचे एक रोपटे होते. फूल गळून गेलेले, आणि देठाला शिंगांच्या जोडीसारख्या दोन बारीक, ताठ शेंगा. ते कंदीलपुष्पाचे झाड होते. या कुळातली एक जात २००६ साली शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदवली आणि तिला अंजनेरीचेच नाव दिले. मामांनी बोटांनी हवेत फुलाचा आकार काढून दाखवला: खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोके जुळून झालेला कंदील. त्या नळीत आतल्या बाजूने खाली वळलेले केस असतात. वासाने आलेली बारीक माशी आत उतरते आणि केसांमुळे तिला मागे फिरता येत नाही. केस सुकून लोळले की मगच ती पराग घेऊन बाहेर पडते. आईंनी वाकून त्या शेंगांकडे बराच वेळ पाहिले. एक शेंग उकलली होती आणि तिच्यातून रुईच्या म्हातारीसारखे रेशमी केसांचे बी अर्धे बाहेर आले होते. वारा आला आणि ते सुटून कड्याकडे गेले. “खरपुडी ही,” आई म्हणाल्या. “आमच्याकडे गुराखी पोरं कंद उकरून खायची.” मामांनी मान हलवली. आता इथे कोणी उकरत नाही, असे ते म्हणाले.

थोड्या वेळाने कड्याच्या बाजूने दोन मोठे पक्षी वर आले. पंख न हलवता, वाऱ्यावर टेकून, ते आमच्या डोक्यावरून एवढ्या जवळून गेले की पंखांच्या टोकांची बोटांसारखी पिसे सुटी मोजता आली. लांब चोचीची गिधाडे होती ती. अंजनेरीच्या कपारीत त्यांची घरटी आहेत. आईंच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडे उतरत, आणि मग एक वर्ष असे आले की ती दिसलीच नाहीत, हे त्यांनी मला पूर्वीही सांगितले होते. कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते. गुरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचले जाई. ते जनावर मेले की मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आली, आणि माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळत म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली तीन मिलीलिटरची करण्यात आली. आईंनी हे ऐकले आणि पिशवीतून गुडघ्याला लावायच्या मलमाची नळी काढून तिच्यावरचे नाव वाचले. डायक्लोफेनॅकच होते. “आपल्याला गुण येतो आणि त्यांचा जीव जातो,” एवढेच त्या म्हणाल्या. नळी परत ठेवताना तिचे झाकण त्यांनी दोनदा आवळले.

साडेअकराला उठलो. पठार ओलांडेपर्यंत काही जाणवले नाही. खरी परीक्षा घळीच्या तोंडाशी सुरू झाली. मामा एक पायरी खाली, आईंच्या समोर. मी एक पायरी वर, मागे. हात धरायचा नाही, हे सरावात शिकलो होतो, कारण दुसऱ्याने ओढले की तोल आपला राहत नाही. त्याऐवजी मामांनी खांदा पुढे केला आणि आईंनी त्यावर डावा तळवा टेकवला. आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा. काठी, उजवा, डावा. जिथे पायरी गुडघ्याहून उंच होती तिथे आई सरळ खाली बसल्या आणि बसूनच उतरल्या. अशा सात जागा आल्या. जिथे ओल होती तिथे मामा आधी टाचेने शेवाळ घासून पाहत, मग काठीची शेंबी कुठे रोवायची ते दाखवत. मुलगा पुढे पळत नव्हता, तो मोठ्याने पायऱ्या मोजत होता, आणि विसावी आली की आपण होऊन “थांबा” म्हणत होता. माकडे पुन्हा आली, पण सॅक आता माझ्या पोटाशी बांधलेली होती.

नवरा आणि मुलगी घळीच्या मध्यावर आम्हाला येऊन मिळाले. मुलीने वरच्या मंदिरातला अंगारा कागदात आणला होता. आईंनी तो त्याच पायरीवर बसून कपाळाला लावला आणि मग मुलीच्या हातून गुडघ्यालाही लावून घेतला.

दोन वाजता घळ संपली तेव्हा त्यांचे पाय थरथरत होते. झाडीत वीस मिनिटे आडवे होऊन, पाय दगडावर उंच ठेवून त्या पडून राहिल्या. तोवर त्र्यंबकच्या बाजूने ब्रह्मगिरीवर ढग चढले होते आणि गडगडाट ऐकू येऊ लागला होता. पहिले थेंब आले तेव्हा आम्ही मातीच्या वाटेवर होतो, पायऱ्या केव्हाच मागे पडल्या होत्या. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी गाडीपाशी पोहोचलो. चढायला, सगळे थांबे धरून, तळ्यापर्यंत तीन तास पस्तीस मिनिटे लागली होती आणि उतरायला तीन तास पंचावन्न. माकडांची पस्तीस मिनिटे वजा केली की चढाईचे बरोबर तीन तास उरतात.

मामांना काठी परत द्यायला गेलो तर त्यांनी ती आईंच्याच हातात ठेवली. घरी आल्यावर गुडघ्याला बर्फ लावला, रात्री मलम. थोडी सूज होती, ती सकाळपर्यंत उतरली.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला आई खाली निघाल्या तेव्हा मी दारात उभी राहून पाहत होते. वेळूची काठी वरच्या टोकाला धरलेली, आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा.